थारला मोठे टायर टाकले, आता इंजिन ट्यून करायचं का? (माझं मत: नाही)

खडकवाट (धागाकर्ता)

गेल्या महिनाभरात आमच्या ऑफरोडवाल्या मित्रमंडळात रोज कोणीतरी "स्टेज वन मारून घेतलं, गाडी उडते रे" असं सांगतोय (स्टेज वन म्हणजे इंजिनच्या संगणकातली फाइल बदलून जोर वाढवणं, यालाच रिमॅप म्हणतात). न करणाऱ्याकडे सगळे कीव आल्यासारखे बघतात. म्हणून हा धागा.

माझी गाडी २०२१ ची थार, डिझेल मॅन्युअल. कंपनीचे २५५/६५ आर१८ काढून २८५/७० आर१७ चे एमटी (खोल खाचांचे, चिखलाचे) टायर टाकले, दोन इंचांची लिफ्ट केली (गाडी उंच केली), पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचा रहाट) बसवला. टायर ३१ इंचांवरून पावणेतेहतीसला गेला आणि वजन दीडशे किलोंच्या वर वाढलं. गाडी मंद झाली, हे कबूल. पण का झाली? टायरचा घेर सव्वापाच टक्के वाढला म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. इंजिन आजही ३०० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतंय, पण चाकापाशी जोर लागतो तो २८५ वाल्या इंजिनाइतका. दुखणं गिअरिंगचं आहे आणि आपण औषध इंजिनाला पाजतोय.

आणखी एक. हे ३०० मिळतात १६०० ते २८०० आरपीएमच्या मध्ये. दगडांवर आपण असतो फोर लो (चारही चाकांना जोर, गाडी एकदम हळू), पहिला गिअर, हजार-बाराशे आरपीएमवर. तिथे टर्बोला (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला) अजून जाग आलेली नसते. हवाच नसेल तर डिझेल वाढवून फक्त काळा धूर निघणार. तीस-पस्तीस हजार त्यासाठी घालायचे? तेवढ्यात चांगला कायनेटिक दोर (गाडी ओढायचा, ताणला जाणारा), सॉफ्ट शॅकल (दोराचीच कडी) आणि टायरात हवा भरायचा दमदार कंप्रेसर येतो.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं. फक्त "मजा येते" हे कारण नको, ते मलाही माहीत आहे.

घाटवळण

खडकवाट, तुम्ही गाडी ट्रेलरवर चढवून दगडांपर्यंत नेता का? आम्ही चालवत नेतो. पुण्याहून वरंध्याने कोकणात उतरायचं, तीन-चार तास चिखलात लोळायचं, आणि तोच घाट चढून परत यायचं. चार माणसं, सामान, वर टपावर रॅक. हेअरपिन काढून बाहेर पडलं की तिसऱ्यात इंजिन १५०० च्या खाली मरतं आणि दुसऱ्यात नुसतं ओरडतं. रिमॅपनंतर माझी गाडी तिथे तिसऱ्यात ओढते.

तुमचाच हिशोब पुढे नेतो. टायरने खाल्लेला जोर भरून काढायला ३१६ लागतात. चांगला ट्यूनर वीस टक्के देतो, म्हणजे ३६० च्या आसपास. टायरचं नुकसान वजा करूनही नफाच.

आणि इंजिनाला झेपणार नाही म्हणणाऱ्यांसाठी: महिंद्राने त्याच २.२ एमहॉक घराण्यातून स्कॉर्पिओ-एनमध्ये १७५ पीएस काढलेत. थारमध्ये १३० आहेत. जागा आहे म्हणूनच काढले ना?

चहाबिस्कीट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पेट्रोल थारवाले दिसत नाहीत कुठे, पंपावर असतील.

क्राऊनपिनियन

घाटवळण भावा, स्कॉर्पिओ-एनचा दाखला दिलास ते बरं झालं. तिथे टॉर्क मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४००. पॉवर दोन्हीकडे १७५ च. मग मॅन्युअलला तीस कमी का दिले असतील कंपनीने? इंजिन तेच आहे, तेव्हा उत्तर इंजिनाच्या मागे, क्लच-गिअरबॉक्समध्ये शोध. नुसता ब्लॉक एका घराण्यातला आहे म्हणून टर्बो, इंजेक्टर, क्लच आणि कूलिंग पण एकच आहे असं होत नाही. आपला ट्यूनर लॅपटॉप लावून अर्ध्या तासात हे सगळं कुठं बघतो?

हा रोग नवीन नाही. प्यूजो इंजिनच्या जीपांच्या काळात आमच्या कोल्हापुरात "पंप वाढवून द्या" म्हणून लोक मिस्त्रीकडं यायचे. मिस्त्री स्क्रू दोन आटे फिरवायचा, गाडी धूर ओकत पळायची, आणि वर्षभरात हेड गॅस्केटसाठी त्याच मिस्त्रीकडं परत. आता स्क्रूच्या जागी फाइल आली, एवढंच.

ज्यांना मोठ्या टायरवर जोर पाहिजे होता ते क्राऊन-पिनियन (चाकांच्या आधीचा शेवटचा गिअर सेट) बदलायचे. जुन्या सीजे-३बी जीपला मुळातच ५.३८ चा होता (आकडा मोठा तेवढा चाकाला जोर जास्त), म्हणून तर ते बारकं इंजिन उसाच्या फडातनं ट्रॉली ओढत होतं. थारला तसा सेट सहज मिळत नाही, ही खरी अडचण आहे. मिळत नाही म्हणून इंजिन पिळायचं, हे मात्र मला पटत नाही.

क्लचचं बघितलेलं सांगतो. मित्राची रिमॅप केलेली थार, तेहतीसचे टायर, अंबा घाट, चौथा गिअर. त्यानं पाय दाबला आणि आरपीएमचा काटा २२०० वरनं २८०० वर गेला, स्पीडोमीटर मात्र जागचा हलला नाही. मग तो क्लच जळल्याचा वास. मलकापूर येईपर्यंत काचा खाली करून आलो.

चिखलमास्तर

सगळे दगडाबद्दल बोलताय. ऑफरोड म्हणजे फक्त दगड नाही हो.

जुलैमध्ये कोकणातल्या लाल मातीत उतरा. ती माती एमटी टायरच्या खाचांमध्ये अशी बसते की दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत. ती झटकायला चाक वेगाने फिरावं लागतं. टर्बो जागा ठेवून, दुसऱ्या-तिसऱ्या लो मध्ये ३००० च्या आसपास धरून ठेवायचं. तेहतीसचा जड टायर, वर चिकटलेला चिखल, हे सगळं फिरवायला पॉवर लागते. मूळ इंजिन ऐन मोक्याला बसतं आणि गाडी पोटावर टेकते. इथे ट्यूनचा फरक मी शपथेवर सांगेन.

गोव्यात २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडे चिखलाच्या गाड्या बांधायची रीतच बदलली. तिथे कंपनी फिटिंग इंजिन घेऊन जिंकायचं स्वप्न बघणाऱ्याला माझ्या शुभेच्छा.

खडकवाट

चिखलमास्तर, हा पहिला मुद्दा जो मला खोडता येत नाही. पण तिथल्या गाड्या स्पर्धेसाठी बांधलेल्या असतात आणि परत जाताना टेम्पोवर जातात. सोमवारी त्याच गाडीने हिंजवडीला जायचं असेल तर? आणि तिथली अर्धी लढाई विंचवर होते, विंच बॅटरीवर चालतो, रिमॅपवर नाही.

स्पॅनरबारा

नाशिकला गॅरेज आहे, रोज दोन-चार थार येतात (गावातच बनते म्हणा). इथे तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन भांडण चाललंय, म्हणून लिहितो.

पेडल बॉक्स: अ‍ॅक्सिलरेटरच्या सेन्सरवर बसतो. तुम्ही ३० टक्के दाबलं की इंजिनला ५० सांगतो. एका घोड्याचीही भर पडत नाही, पण याचेच गिऱ्हाईक सगळ्यात खूश असतात. ऑफरोडला तर हा घातक. दगडाच्या पायरीवर एक चाक हवेत आहे, पायाला नखभर हालचाल द्यायची आहे, आणि गाडी टुणकन उडी मारून सिलवर (दाराखालच्या पट्टीवर) आदळते. बसवलाच असेल तर ट्रेलवर बंद ठेवा, किंवा त्यातला हळू मोड लावा. खरं तर तो एकच मोड ट्रेलवर कामाचा.

ट्यूनिंग बॉक्स: कॉमन रेलच्या (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरमध्ये घुसतो आणि ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) खोटं सांगतो की प्रेशर कमी आहे. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो पण डिझेल जास्त पडतं. काढून ठेवायला सोपा, म्हणून वॉरंटीवाले हाच घेतात.

रिमॅप: ईसीयूमधली फाइलच बदलायची. बूस्ट, इंधन, टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा, सगळं हातात. नीट केला तर तिघांत हाच चांगला. पण कंपनीने सर्व्हिसला सॉफ्टवेअर अपडेट मारलं की तुमचे पैसे उडाले.

आता जे कोणी बोललं नाही ते. बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) आहे. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, म्हणजे हायवेवर सलग पळवावं लागतं. ट्रेलवर दिवसभर रांगणाऱ्या गाडीत तो तापतच नाही. त्यात ट्यूनने काजळी वाढवली की दिवा लागलाच समजा. हे काजळी जाळणं (रीजनरेशन) अर्धवट राहत गेलं तर जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. यावर काही जण डीपीएफ कापून टाकायचा सल्ला देतात. माझ्याकडे ते काम होत नाही, विचारूही नका.

नियमबोट

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२अ आलं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे दोनदा वाचा.

घाटवळण

नियमबोट, मग खडकवाट यांचे टायर, लिफ्ट आणि बंपर काय आरसीवर नोंदवलेत? पोलिसाला रस्त्यावरून टायर दिसतो, फाइल दिसत नाही. धाग्यात बेकायदेशीर कोण हे ठरवायला बसलो तर आपण सगळेच एका गाडीत.

सोनोरा_सह्याद्री

मी अ‍ॅरिझोनात, मूळ सांगलीचा. जीप रँग्लर जेके, ३.६ पेट्रोल, पस्तीसचे टायर, ऑटोमॅटिक.

इथे ट्यूनर (माणूस नव्हे, यंत्र) घेण्याचं कारणच वेगळं आहे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनातून रिमॅपने फार काही निघत नाही (जिम्नीवाल्यांनी हे ऐकून ठेवा). पण हातात धरायचा प्रोग्रॅमर गाडीला सांगतो की टायर आता पस्तीसचा आहे आणि अ‍ॅक्सलमध्ये ४.८८ चे गिअर आहेत. ते सांगितलं नाही तर स्पीडोमीटर चुकतो आणि गिअरबॉक्स चुकीच्या वेगाला गिअर बदलतो, चढावर तिसरा-चौथा असा घुटमळत राहतो. माझ्या गाडीला ट्यूनरचा सगळ्यात मोठा फायदा हाच झाला. पॉवर वाढली असेल तर मला जाणवली नाही.

खडकवाट, तुमचा काटा ९५ दाखवतो तेव्हा तुम्ही १०० ला असता. मोठ्या टायरने अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून रडणाऱ्यांनीही आधी किलोमीटर पाच टक्के वाढवून बघावेत.

अवांतर: २०१८ नंतरच्या जीपमध्ये सिक्युरिटी गेटवे (गाडीच्या संगणकाचं कुलूप) आलाय, तो वळसा घातल्याशिवाय ईसीयूत शिरता येत नाही. तिकडेही हे येणारच.

क्राऊनपिनियन

बघा, अमेरिकेतल्या माणसानं पण आधी ४.८८ चे गिअर टाकले आणि मग ट्यूनर घेतला. मी काय वेगळं म्हणत होतो?

घाटवळण

त्याला ४.८८ दुकानात मिळतात काका! आम्हाला मिळत नाहीत, म्हणून तर रिमॅप. तुम्ही थारसाठी सेट शोधून द्या, मी फाइल मूळ करून घेतो.

खडकवाट

स्पॅनरबारा यांचा डीपीएफचा मुद्दा माझ्या बाजूने धरतोय, चिखलाचा चिखलमास्तरांना देऊन टाकला. घाटाचा मला अजून पूर्ण पटलेला नाही, कारण दुसरा गिअर आणि थोडा संयम फुकट मिळतो.

घाटवळण, पावसाळ्यात पाबे घाटाला येता का? दोन्ही गाड्या, सारखेच टायर, सारखी हवा, सारखी माणसं. चढावर तिसऱ्यात कोण किती ओढतो ते बघू. फक्त आधी एक सांगा, तुमच्या गाडीचा क्लच मूळचाच आहे ना?

घाटवळण

येतो. क्लच मागच्या दिवाळीत बदललाय. आता त्यावरून सुरू होऊ नका.