मदत हवी: लिनक्सवर मराठी, इंग्रजी आणि जपानी एकत्र, काही ॲप्समध्ये मराठी उमटत नाही, शिवाय 'ऱ्य'चा घोळ

कळपट

नमस्कार मंडळी,

डेबियन १२ लिनक्स, जीनोम डेस्कटॉप, वेलँड सेशन (पडद्यावर खिडक्या दाखवणारी, जुन्या एक्स११च्या जागी आलेली प्रणाली). इनपुट सोर्स चार आहेत: इंग्रजी (यूएस), मराठी (कागापा कीबोर्ड लेआउट), आयबस-एम१७एन मधलं मराठी आयट्रान्स (रोमन कळांवरून देवनागरी; आयबस ही इनपुट मेथड चालवणारी यंत्रणा, एम१७एन हा तिच्यातला मेथड्सचा संच) आणि जपानीसाठी मोझ्क. अडचणी अशा:

१. टेक्स्ट एडिटरमध्ये सगळं नीट चालतं. पण इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्रज्ञानातून डेस्कटॉप ॲप बनवायचा सांगाडा) बांधलेल्या एका चॅट ॲपमध्ये आयट्रान्स आणि मोझ्क दोन्ही गप्प बसतात, रोमन अक्षरंच उमटतात. कागापा मात्र तिथेही चालतं. बॅशआरसीच्या (टर्मिनल शेलची सेटिंग फाइल) शेवटी जीटीके_आयएम_मॉड्यूल, क्यूटी_आयएम_मॉड्यूल आणि एक्समॉडिफायर्स या इनपुट मेथड ठरवणाऱ्या तिन्ही ओळी टाकून पाहिल्या, फरक शून्य.

२. कागापावरून थेट मोझ्कवर गेलं की मोझ्कच्या रकान्यात देवनागरी अक्षरं येतात, हिरागाना (जपानी लिपी) नाही. इंग्रजीवरून गेलं तर सगळं ठीक.

३. आयट्रान्समध्ये 'दऱ्या' लिहायला गेलो की 'दर्या' होतं. जुन्या फाइलींतून चिकटवलेला 'दऱ्या' दिसतो बरोबर, पण शोधला तर सापडत नाही. स्वतःचा कीमॅप लिहायची तयारी आहे, फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगा.

अर्धा_र

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: कागापा चालतं, आयट्रान्स चालत नाही. कागापा हा एक्सकेबी (लिनक्सची मूळ कीबोर्ड-मांडणी यंत्रणा) लेआउट आहे. तिथे कळ दाबली की थेट अक्षर ठरतं, मध्ये कोणी नसतं, म्हणून ते जवळपास कुठेही चालतं. आयट्रान्स आणि मोझ्क ही इनपुट मेथड्स आहेत. त्यांना आधी कळा गोळा करायच्या असतात, अधोरेखित कच्चा मजकूर दाखवायचा असतो आणि मग पक्कं अक्षर ॲपच्या हाती द्यायचं असतं. या देवाणघेवाणीसाठी ॲप आणि आयबस यांच्यात एक समान भाषा लागते. तुमच्या चॅट ॲपमध्ये तीच तुटली आहे. कीमॅप किंवा फाँटशी याचा काही संबंध नाही.

आधी एक खुलासा: खाली आज्ञा आणि नावं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

ते ॲप सुरू करताना ओझोन-प्लॅटफॉर्म वेलँड (म्हणजे ॲप थेट वेलँडवर चालव) असा पर्याय दिलाय का? स्क्रीन मोठी केल्यावर अक्षरं धूसर दिसतात म्हणून बरेच जण तो देतात.

कळपट

हो, अगदी त्याच कारणासाठी दिलाय.

अर्धा_र

मग तिथेच पाणी मुरतंय. वेलँडवर मजकूर देण्याघेण्याचा प्रोटोकॉल म्हणजे टेक्स्ट-इनपुट, आणि त्याच्या एकापेक्षा जास्त आवृत्त्या आहेत. जीनोमचा खिडक्या सांभाळणारा भाग, मटर, फक्त तिसरी आवृत्ती बोलतो. क्रोमियम ब्राउझरला, आणि त्याच्याच पोटातून आलेल्या इलेक्ट्रॉनला, बराच काळ फक्त पहिली येत होती. दोघं एकमेकांशी बोलूच शकत नाहीत.

उपाय दोन. ॲपमधला इलेक्ट्रॉन नवा असेल तर ओझोनच्या पर्यायासोबत 'एनेबल-वेलँड-आयएमई' आणि 'वेलँड-टेक्स्ट-इनपुट-व्हर्जन' बरोबर ३, असे दोन पर्याय जोडा. दुसरा विसरलात तर जीनोमवर पहिल्याचा उपयोग नाही. इलेक्ट्रॉन जुना असेल तर ओझोन-प्लॅटफॉर्म एक्स११ करा. ॲप एक्सवेलँडमधून (वेलँडवर जुनी एक्स११ ॲप्स चालवणारा थर) चालेल, अक्षरं थोडी धूसर दिसतील, पण मराठी आणि जपानी दोन्ही उमटतील. कोणतं ॲप एक्सवेलँडवर आहे हे पाहायला टर्मिनलात एक्सएलएसक्लायंट्स चालवा: यादीत नाव दिसलं तर ते एक्सवर, नाही दिसलं तर थेट वेलँडवर.

आणि बॅशआरसीमधल्या त्या तिन्ही ओळी काढून टाका. डेबियनच्या बॅशआरसीत अगदी सुरुवातीलाच 'शेल परस्परसंवादी नसेल तर इथूनच परत फिर' अशी तपासणी असते. डेस्कटॉपच्या मेनूतून उघडलेल्या ॲपपर्यंत खालच्या ओळी पोहोचतच नाहीत, टर्मिनलातून उघडलेल्या ॲपपर्यंत मात्र पोहोचतात. मग एकच ॲप दोन ठिकाणांहून दोन तऱ्हेने वागतं आणि माणूस तासन्‌तास भलत्याच जागी शोधत बसतो. जीनोम लॉगिनच्या वेळी क्यूटी_आयएम_मॉड्यूल आणि एक्समॉडिफायर्स स्वतःच लावतं. जीटीके_आयएम_मॉड्यूल वेलँडवर रिकामंच ठेवा, जीटीके (जीनोम ॲप्सची खिडक्या-बटणांची लायब्ररी) आपला वेलँडचा रस्ता आपण धरतं. कधी खरंच काही लावायची वेळ आलीच तर घरातल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये एन्व्हायर्नमेंट.डी करून त्यात .कॉन्फ फाइल ठेवा.

शिफ्ट_जे

केडीई प्लाझ्मावाले हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तिथे सगळं वेगळं आहे, वरचं जसंच्या तसं उचलू नका. फिसिटक्स५ (आयबससारखीच दुसरी यंत्रणा) वापरत असाल तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डमध्ये जाऊन फिसिटक्स५ निवडा आणि ऑटोस्टार्टमधून काढून टाका. त्याला केविननेच (केडीईचा खिडक्या सांभाळणारा भाग) सुरू करायला हवं, म्हणजे जोडणीचा सॉकेट केविन स्वतः त्याच्या हाती देतो. दोन्हीकडून सुरू झालं तर दोन प्रती एकमेकींच्या पायात येतात. आयबस आणि फिसिटक्स५ एकाच सेशनमध्ये चालू ठेवणं ही तर हमखास डोकेदुखी.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मोझ्क स्वतःचा लेआउट ठरवत नाही. त्याच्या आयबस कॉन्फिगमध्ये लेआउटची किंमत 'डीफॉल्ट' असते, म्हणजे 'आधी जो होता तोच'. आधी कागापा असेल तर तुम्ही के दाबली की मोझ्कला 'क' मिळतो, आणि 'क'चं त्याने काय करायचं? घरातल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये मोझ्कच्या नावाचं फोल्डर आहे, त्यात आयबस_कॉन्फिग.टेक्स्टप्रोटो ही फाइल उघडा. लेआउटसमोर 'डीफॉल्ट'च्या जागी 'यूएस' लिहा. मग आयबस राइट-कॅशे आणि आयबस रीस्टार्ट. कागापावरून थेट गेलात तरी हिरागाना येईल.

कळपट

दोन्ही जमलं! ॲप मात्र जुनं निघालं, एक्स११वर आणावं लागलं. मोझ्क एकदम सरळ झालं. आता तिसरं.

अर्धा_र

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पहिल्या दोघांत फक्त अडचण होते, इथे मजकूरच बिघडतो.

'दऱ्या'मधला आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एक (कंसात युनिकोडचे क्रमांक): ऱ (०९३१), हलन्त (०९४डी), य. दुसरी: साधा र (०९३०), हलन्त, शून्य-रुंदीचा जोडक (२००डी), य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकसारखे दिसतात. फाइलीत त्या वेगळ्या साखळ्या आहेत, म्हणून एक शोधली तर दुसरी सापडत नाही. र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब (०९३सी) अशी तिसरी रीतही आढळते, पण तिची काळजी नको: एनएफसी नॉर्मलायझेशनमध्ये (सारख्या अक्षरांच्या साखळ्या एकाच रूपात आणणं) तिचा आपोआप ०९३१ होतो. जोडकवाल्या रीतीला नॉर्मलायझेशन हातही लावत नाही.

पहिलीच रीत वापरा असा माझा आग्रह आहे. अनेक प्रोग्राम शून्य-रुंदीची अक्षरं कचरा समजून गाळतात. जोडक गळाला की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. शब्द शुद्धच राहतो, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीलाही काही कळत नाही.

तुमच्या फाइलीत कोणती रीत आहे ते पाहायला तो एकच शब्द वेगळ्या फाइलीत ठेवून एक्सएक्सडी (फाइलीतले बाइट दाखवणारी आज्ञा) चालवा. 'द'च्या तीन बाइटनंतर ई० ए४ बी१ दिसलं तर ऱ आहे. पुढे कुठे ई२ ८० ८डी दिसलं तर जोडक आहे.

आता कीमॅप. एम१७एनच्या सगळ्या मेथड्स यूएसआर/शेअर/एम१७एन मध्ये .एमआयएम फाइली म्हणून असतात. एमआर-आयट्रान्सची प्रत घरातल्या .एम१७एन.डी फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने ठेवा. मूळ फाइलीला हात लावू नका, पॅकेज अपडेट झालं की बदल पुसले जातात. प्रतीत सर्वांत वर इनपुट-मेथडची ओळ आहे, तिच्यात भाषा एमआर तशीच ठेवून पुढचं नाव बदला. टायटलही बदला, नाहीतर वरच्या पट्टीत दोन सारखी चिन्हं दिसतील.

फाइलीचं पोट दोन भागांत आहे. 'मॅप'मध्ये कोणत्या कळांचं कोणतं अक्षर ते येतं, 'स्टेट'मध्ये कधी कोणता मॅप लागू ते. व्यंजनांच्या मॅपमध्ये र ची ओळ शोधा आणि तिच्याखाली तशाच घडणीची ऱ ची एक ओळ घाला.

इथे कळा निवडताना घाई करू नका. मोठा आर दोनदा दाबायचा मोह होतो, पण आयट्रान्समध्ये दोन मोठे आर आणि आय म्हणजे ऋ. एक क्रम दुसऱ्या लांब क्रमाची सुरुवात असेल तर एम१७एन पुढच्या कळेची वाट पाहत थांबतं, आणि अक्षर उगाच अधोरेखित लटकून राहतं. बॅकटिक (टॅबच्या वरची कळ) आणि मग छोटा आर, असं काही घ्या. त्याआधी बॅकटिक मूळ फाइलीत आणखी कुठे वापरलेलं नाही ना, ते शोधून पाहा.

कळपट

ओळ घातली, आयबस रीस्टार्ट केलं, पण सेटिंग्जच्या यादीत माझी मेथड दिसतच नाही.

शिफ्ट_जे

दोन शक्यता. आयबस लिस्ट-इंजिन चालवा आणि एम१७एन:एमआर: ने सुरू होणारी तुमची ओळ आहे का पाहा. तिथेही नसेल तर कंस मोजा. .एमआयएमची घडण लिस्पसारखी आहे. एक कंस कमी पडला तर कसलीही तक्रार न करता पूर्ण मेथड गायब होते. कंसाची जोडी दाखवणाऱ्या एडिटरात उघडा, आणि अवतरणचिन्हं सरळच आहेत ना तेही बघा. फाइल यूटीएफ-८मध्येच जतन करा.

तिथे असेल आणि सेटिंग्जमध्ये नसेल, तर जीनोम ती लपवतंय. जीसेटिंग्जने ऑर्ग.जीनोम.डेस्कटॉप.इनपुट-सोर्सेस मधला शो-ऑल-सोर्सेस 'ट्रू' करा, लॉगआउट करून परत या.

कळपट

एक कंसच कमी होता. आता मेथड दिसते, ऱ उमटतो. पण शब्द अधोरेखित असताना माउसने दुसरीकडे क्लिक केलं की चॅट ॲपमध्ये कधीकधी शेवटचं अक्षर जातं. हेही फाइलीतूनच सुधारतं का?

अर्धा_र

पूर्णपणे नाही. अधोरेखित मजकूर ॲपचा झालेलाच नसतो, तो अजून इंजिनकडे असतो. फोकस गेल्यावर तो सोपवायचा की टाकायचा हे इंजिन, आयबस आणि ॲप तिघांवर अवलंबून आहे. एम१७एनमध्ये मेथड सुरुवातीच्या स्टेटवर परतली की कच्चा मजकूर पक्का होतो. म्हणून क्लिक करण्याआधी स्पेस किंवा विरामचिन्ह द्या, ती कळ कोणत्याच मॅपमध्ये बसत नाही आणि मेथड सुरुवातीला येते. हा त्रास मुळातून नको असेल तर इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीकडे वळा. तिथे जवळजवळ प्रत्येक कळेचं अक्षर लगेच पक्कं होतं, वाट पाहणं नाही. ऱ तर शिफ्ट आणि जे वर तयारच आहे. शिफ्ट_जे, तुमच्याच नावात लिहिलंय.

शिफ्ट_जे

हो, नाव त्यावरूनच घेतलंय. इनस्क्रिप्ट घ्याल तर एम१७एनमधलं घ्या. एक्स११च्या एक्सकेबीत एका कळेतून एकच अक्षर निघतं, त्यामुळे शिफ्ट-५ वरचा ज्ञ, ६ वरचा त्र, ७ वरचा क्ष आणि ८ वरचा श्र ही जोडाक्षरं तिथे एका कळेत बसत नाहीत. आणि 'ॲ' कोणता उमटतो ते पहिल्याच दिवशी तपासा. मराठीचा ॲ (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. जुने कीमॅप त्या जागी हिंदीतला ऍ (०९०डी) देतात. शोधताना हेही दोन वेगळे शब्द ठरतात.

कळपट

जुन्या फाइलींतला जोडक एकदाच बदलून टाकायचा असेल तर?

अर्धा_र

सेड या शोधून-बदलणाऱ्या आज्ञेने करू नका. जोडक डोळ्याला दिसत नाही, आज्ञेत चिकटवला की नाही हेच कळत नाही. पर्ल वापरा, मोठ्या लिपीतले सी-एस-डी हा पर्याय देऊन, म्हणजे ते फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचेल. अक्षरांऐवजी कोडबिंदू लिहा: ०९३०, ०९४डी, २००डी ही साखळी, तिच्या लगेच पुढे य (०९२एफ) किंवा ह (०९३९) असेल तरच, ०९३१ आणि ०९४डी करा. पुढच्या अक्षराची अट पुढे डोकावणाऱ्या कंसात घाला, म्हणजे य किंवा ह स्वतः जागेवर राहतात. मराठीत आडवा र 'दऱ्या', 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' असा या दोघांच्या आधीच येतो, त्यामुळे ही अट पुरेशी आहे. जोडक सरसकट पुसू नका. -आय (फाइल जागेवरच बदल) ला .बॅक जोडा, मूळ प्रत राहील, आणि बदलानंतर डिफने प्रत्येक ओळ एकदा नजरेखालून घाला.