मदत हवी आहे: वय ५३, पळायला लागून सात आठवडे झाले, टाच दुखतेय. थांबू का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात सहकारनगरला राहते, माध्यमिक शाळेत शिकवते, वय ५३. सकाळचं पाऊण तास चालणं गेली आठ वर्षं चुकलेलं नाही, पण पळणं असं दहावीनंतर कधी झालंच नाही. यंदा तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाल्या, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात; चालण्याची शरीराला सवय झालीय, आता थोडा जोर लावा. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. दोन्ही ठीक आल्यावर त्यांनी पळायला हरकत नाही म्हणून सांगितलं.

खरं तर मला निमित्तच हवं होतं. १९८३ साली पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबांबरोबर रस्त्याच्या कडेला उभी राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. शाळेत मी चांगली पळायचे. मग ते कधी सुटलं, कळलंही नाही. मला मॅरेथॉन पळायची नाही. न थांबता पाच किलोमीटर पळता यावं, एवढीच इच्छा आहे, पण ती फार मनापासून आहे.

मुलीने नऊ आठवड्यांचं एक वेळापत्रक फोनवर लावून दिलं. आधी पाच मिनिटं भरभर चालायचं, मग एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या दिवशी ते एक मिनिट संपता संपत नव्हतं. चौथ्या आठवड्यात सलग पाच मिनिटं पळाले आणि घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी सलग वीस मिनिटं पळायचं होतं. तेही जमलं. दोन दिवसांनी उजवी टाच सुरू झाली.

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल फरशीवर टेकवलं की टाचेच्या तळाला, आतल्या अंगाला, काच रुतल्यासारखं होतं. भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरापर्यंत जाते. दूध तापेपर्यंत दुखणं निम्मं होतं. पळायला लागल्यावर तर जाणवतही नाही, पण शाळेत दोन तास उभं राहून शिकवलं की पुन्हा ठणका. यजमान म्हणतात, "चालणं पुरे होतं की, आता गुडघेही घालवून बसशील." शेजारच्या काकूंनी टाचेचं हाड वाढलंय असं निदान करूनही टाकलं. रोज कोणी ना कोणी हेच ऐकवतं, आणि माझाही धीर सुटत चाललाय.

अजून एक गोष्ट. लिहावी की नाही, असा बराच विचार केला. पळताना, विशेषतः उतारावर, थोडी लघवी होते. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल झाली, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. पॅड लावून पळते आणि आदल्या रात्रीपासून पाणी बेताने पिते. डॉक्टरांपुढे हा विषय काढायचं धाडस झालं नाही. इथे कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

टाच दुखत असताना पळणं बंद करावं का? आणि गुडघ्यांचं खरं काय?

प्रतिसाद १

ताई, मी ५६व्या वर्षी सुरुवात केली, आता ६१ चालू आहे. पहिल्याच वर्षी हेच टाचेचं दुखणं मला झालं होतं, म्हणून लिहितोय.

दम वाढायला काही आठवडे पुरतात. स्नायूंची टोकं, तळपायाचे पट्टे यांना मात्र महिने लागतात, आणि पन्नाशीनंतर त्याहून थोडे जास्तच. तुमचा दम पुढे गेला, टाच मागे राहिली. तुमचं वेळापत्रक मला माहीत आहे. पाचव्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटं दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस. पंचविशीतल्या मुलाला ती उडी झेपते. आपण प्रत्येक आठवडा दोनदा करावा, नऊचे अठरा झाले तरी चालतील. वेगाचं म्हणाल तर पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धापा टाकत बोलावं लागलं तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही दाखवो.

गुडघ्यांबद्दल: २०१७ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. हौशी पळणाऱ्यांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात साधारण साडेतीन टक्के लोकांना होता, न पळणाऱ्यांत दहा टक्क्यांना. पळण्यामुळेच गुडघे वाचतात असा याचा अर्थ नाही, कारण ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते मुळात पळायला जात नाहीत. पण बेताने पळून गुडघे जातात, या भीतीला आधार नाही, एवढं नक्की.

तुम्ही पळता कुठे? बूट कोणते? पाचव्या आठवड्यात आणखी काही बदललं का?

धागाकर्ती

दादा, बदललं खरं. तोवर सारसबागेच्या बाजूला सपाटीवर पळत होते. पाचव्या आठवड्यापासून तळजाईच्या टेकडीवर जाऊ लागले, तिथे मातीची वाट आहे, पायाला मऊ पडेल म्हणून. घरापासून तिथवरचा चढही पळतच चढायचे. बूट चालण्याचेच आहेत, चार वर्षांपूर्वीचे. आत्ता उलटे करून बघितले, टाचेची बाहेरची कड पार झिजलीय. हे लिहितानाच लक्षात येतंय की सगळं एकाच आठवड्यात केलं.

प्रतिसाद २

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करता येत नाही, पण सकाळचं पहिलं पाऊल, थोडं चालल्यावर आराम, उभं राहून पुन्हा ठणका, हे वर्णन प्लांटर फॅसिआयटिसचं, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळपायाच्या पट्ट्याच्या दुखण्याचं आहे. हाड वाढण्याचं फार मनावर घेऊ नका. एक्स-रेमध्ये तसं हाड काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या टाचेतही दिसतं.

चढावर पोटरी ताणली जाते आणि तो ताण थेट या पट्ट्यावर येतो. त्यामुळे तळजाईची माती चांगली असली तरी चढ चालतच चढायचा, आणि तूर्त पळायचं ते सपाटीवर.

सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच पाय मांडीवर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढून दहापर्यंत मोजा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा करायचं. दुसरा व्यायाम पायरीवरचा: कठडा धरा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, तीन अंक मोजत टाचा वर, दोन अंक तिथेच, तीन अंक मोजत खाली. एक दिवसाआड. याने फरक पडायला आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडून देऊ नका.

आणि आपल्याकडे जे कोणी विचारातच घेत नाही ते म्हणजे घरातली फरशी. आपण ओट्यापाशी अनवाणी दीड-दोन तास उभ्या असतो, तेही कडाप्प्यावर नाहीतर टाइल्सवर. घरात मऊ तळाच्या स्लिपर वापरायला लागा, पलंगाशीच काढून ठेवा म्हणजे पहिलं पाऊल त्यातच पडेल.

दुखणं शून्य ते दहा अशा मापात तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल, तर चालणं-पळणं मिळून चालू ठेवायला सहसा हरकत नसते. पण रात्री झोपेतही दुखलं, सूज आली, किंवा टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली आणि कळ आली, तर पळणं त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात, टाचेच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते, तेव्हा अंगावर काढू नका.

आता दुसरा विषय. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. माझ्याकडे गुडघ्यासाठी येणाऱ्या कितीतरी बायका हे शेवटी, दार उघडता उघडता सांगतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने हे होतं आणि व्यायामाने यात बराच फरक पडतो. पोटातला गॅस अडवताना आवळतो तसं आतून वर ओढून घ्यायचं, पोट आणि मांड्या सैल ठेवून, श्वास न रोखता. एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका. पाणी कमी पिणंही सोडा. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चाळवतं. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते, त्यावरही उपचार आहेत, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा भेटा.

प्रतिसाद ३

माझं वय ४९. याच कारणाने मी दोन वर्षांपूर्वी झुंबा सोडला आणि वेळ मिळत नाही असं सगळ्यांना सांगितलं. ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून आज मला कळलं की यावर काही करता येतं. मनापासून आभार.

प्रतिसाद १

ताई, टाच शांत होईपर्यंत सणस मैदानाचा ट्रॅक बघा, सपाट आहे. सकाळच्या वेळा एकदा जाऊन विचारून घ्या. पावसाळ्यात फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकवर अजिबात पळू नका, शेवाळ धरतं. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. तुमचे नेहमीचे मोजे घालून बघा, उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. किमतीपेक्षा दुकानात पाच मिनिटं पळून कसं वाटतं ते बघा.

धागाकर्ती (पाच आठवड्यांनंतर)

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं. एका फिजिओथेरपिस्टकडे जाऊन टाच तपासून घेतली, दुखणं तळपायाच्या पट्ट्याचंच निघालं. पहिले तीन आठवडे पळणं थांबवून सपाटीवर नुसतं चालले, दोन्ही व्यायाम चुकवले नाहीत. पहिल्या पावलाचं दुखणं सातवरून दोनवर आलंय. नवे बूट घेतले, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे लागले. पलंगाशी स्लिपर असतात. यजमानांनीही स्वतःसाठी एक जोड आणला, आणि चढावर आता ते सोबत चालत येतात.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही गेले. विषय काढायला मला दहा मिनिटं लागली, त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. औषध दिलंय. पूर्ण थांबलेलं नाही, पण सपाटीवर आता त्रास होत नाही, आणि पाणी मी भरपूर पिते.

गेले दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय, एक मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं. उद्यापासून दुसरा आठवडा, दीड मिनिट पळायचं.