घरातल्या दोन कॉम्प्युटरमधली वायर, शेअर्ड फोल्डर वगैरे: तुमचे अनुभव सांगा

ओसरी:
घर रंगवायला काढलंय. काल हॉलमधलं कपाट सरकवलं तर मागे भिंतीला क्लिपा ठोकून नेलेली निळी केबल सापडली, हॉलपासून थेट बाबांच्या खोलीपर्यंत. रंगारी म्हणाला काढून टाकू का, म्हटलं थांबा जरा.

२००५ च्या आसपासची गोष्ट. हॉलमध्ये दादाचा नवा कॉम्प्युटर, आतल्या खोलीत बाबांचा जुना. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे हिशेब नि नोटिसा जुन्यावर आणि प्रिंटर नव्याला. दर वेळी फ्लॉपी न्यायची, १.४४ एमबीत काय मावणार, आणि ती नेमकी सभेच्या आदल्या रात्री उघडायची नाही. त्यात दादाने तेव्हा इंजिनिअरिंग सोडलं होतं, त्यामुळे दोघांत बोलणं जवळजवळ बंद. "फ्लॉपी टेबलावर ठेवलीय" एवढंच, तेही आईकरवी.

मग दादा स्वतःहून केबल करून घेऊन आला. दुकानदाराने आधी विचारलं म्हणे, हबला (अनेक मशीनं जोडायच्या डब्याला) लावायची की थेट दोन मशीनना? थेट असेल तर क्रॉस करून देतो. एका टोकाला पांढरा-नारिंगी आधी, दुसऱ्या टोकाला पांढरा-हिरवा आधी, म्हणजे याची पाठवायची जोडी त्याच्या घ्यायच्या जोडीला मिळते. एका मशीनला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.०.१, दुसऱ्याला १९२.१६८.०.२, वर्कग्रुपचं (मशीनांच्या गटाचं) नाव दोन्हीकडे सारखं, आणि बाबांच्या 'सोसायटी' फोल्डरवर राइट क्लिक करून शेअरिंग. फोल्डरच्या चित्राखाली एक हात आला! विंडोज एक्सपी वापरलेल्यांना आठवत असेल. आतून बाबा ओरडले "दिसतंय का रे?" आणि हॉलमधून दादा, "दिसतंय, दिसतंय, नोटीस उघडली!" कित्येक महिन्यांनी दोघं एकमेकांशी थेट बोलले. त्यानंतर रोज काहीतरी निघायचंच, प्रिंट सोडलीय, तुझं मशीन चालू ठेव, फाइल तू उघडून बसलायस का.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. केबलचा फोटो दाखवला तर पहिला प्रश्न, अजून चालते का ती?

तुमच्या घरी असं काय काय झालंय? लिहा. अडचणी असतील तर त्याही लिहा, इथे जाणकार आहेत.

खडीसाखर:
तो हात!!! आणि कॉपी होताना एका फोल्डरमधून दुसऱ्यात उडत जाणारे कागद. मी नि धाकटा भाऊ नुसते ते कागद बघत बसायचो. आमची केबल गेमसाठी होती, एज ऑफ एम्पायर्स, तो आतल्या खोलीत मी बाहेर, आई म्हणायची एवढं ओरडायचंय तर एकाच खोलीत बसा. कुकर लावलाय, नंतर येते.

गवतीचहा:
ओसरीताई, बाबांना नमस्कार सांगा. सोसायटीच्या सेक्रेटरींचं दुःख सेक्रेटरीच जाणे 😀 आमच्याकडे अजून मेन्टेनन्सची यादी वहीत आहे.

पाणंद:
आमचं घरगुती डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं) काम, सांगलीत, लग्नपत्रिका नि दुकानांची बिलं. बायको एका मशीनवर टाइप करायची, मी दुसऱ्यावर डिझाइन लावायचो. केबल टाकली, फोल्डर दिसला, फाइल उघडली तर सगळी अगम्य चिन्हं, चि.सौ.कां. च्या जागी कंस, डॉलर नि प्रश्नचिन्हं. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे मराठी फॉन्ट ना ते, फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचे आकार देतो. म्हणजे फाइल आली पण फॉन्ट पलीकडेच राहिला. दोन्हीकडे एकच फॉन्ट टाकला आणि प्रश्न मिटला. अजूनही जुन्या पत्रिकांच्या फाइल उघडताना तोच फॉन्ट शोधावा लागतो. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं, असा जुना मजकूर असेल तर फाइलबरोबर फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि एक पीडीएफ करून ठेवा. पुढच्या पिढीला तुमचं अक्षर दिसलं पाहिजे.

सांजवात:
पाणंद दादा, अगदी खरं. माझ्या आजोबांच्या आठवणी अशाच फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत, कन्व्हर्टरने युनिकोड करून घेतल्या पण रफार नि जोडाक्षरं हाताने सुधारावी लागली, अजून चालूच आहे.

वेलदोडा:
मी नागपूर. मला केबल वगैरे काही नको होतं, वायफाय आहे ना घरी. पण माझा लॅपटॉप नि मुलाचा डेस्कटॉप, इंटरनेट दोन्हीकडे छान आणि शेअर्ड फोल्डर काही केल्या दिसेना. शेवटी भाच्याने येऊन दोन्हीकडे आयपीकॉन्फिग (मशीनचा पत्ता दाखवणारी कमांड) टाइप केलं, माझा निघाला १९२.१६८.१ वाला आणि मुलाचा १९२.१६८.० वाला. फायबरवाल्यांनी लावलेला डबा एक आणि त्याला जोडलेला आमचा जुना राउटर दुसरा, दोघंही आपापलं वेगळं नेटवर्क चालवत होते. एकाच घरात राहून दोन वेगळी नेटवर्कं! भाच्याने जुन्या राउटरचा पत्ता बदलला, त्याचं डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, आणि वायर वॅन (बाहेरच्या नेटच्या) ऐवजी लॅनच्या (घरातल्या मशीनच्या) भोकात लावली. झालं. त्याला तर्री पोहे खिलवले.

खडीसाखर:
तर्री पोहे म्हटल्यावर मीही येते दुरुस्तीला.

निवांत_काका:
वेलदोडा यांनी लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे, हल्ली निम्म्या घरांत हेच असतं. बाकीच्यांसाठी क्रमाने काय बघायचं ते लिहितो, मोबाइलवरून लिहितोय तर सांभाळून घ्या. आधी आयपी बघा, ठिपक्यांनी तोडलेले पहिले तीन आकडे सारखे हवेत (साधारण घरगुती सेटिंगमध्ये). १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, तिथे शेअरिंग शोधत बसू नका. मग विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' ते बघा, पब्लिक असेल तर फायरवॉल घरच्यांनाही आत घेत नाही. घरात 'गेस्ट' वायफाय वापरत असाल तर त्यावरची मशीनं सहसा एकमेकांना दिसत नाहीत, ते मुद्दाम तसंच केलेलं असतं. आणि नेटवर्कच्या यादीत नाव दिसलं नाही म्हणून निराश होऊ नका, एक्सप्लोररच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि पुढे आयपी टाका, पुष्कळदा थेट उघडतं. फोल्डरला परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंगमध्ये एक आणि सिक्युरिटीमध्ये एक, दोन्हींतली जी कडक ती लागू होते. 'होमग्रुप' शोधत असाल तर तो विंडोज १० मधून २०१८ सालीच गेलाय.

पारवा_टोरांटो:
निवांतकाका, सगळं केलं तुम्ही सांगता तसं. मुलीच्या लॅपटॉपचं नावही दिसतं, क्लिक केलं की युजरनेम पासवर्ड मागतो. तिचा पिन टाकते तर चुकीचा म्हणतो, त्याच पिनने ती रोज उघडते!! आईकडचे पुण्याचे फोटो आहेत सगळे तिच्यात. इकडे रात्रीचे अकरा वाजलेत नि डोकं फिरलंय.

निवांत_काका:
पारवाताई, पिन म्हणजे त्या मशीनच्या दाराची आतली कडी, बाहेरून ती उघडत नाही. नेटवर्कवरून खात्याचा पासवर्ड लागतो. ईमेलचं खातं असेल तर पूर्ण ईमेल आणि त्याचा पासवर्ड टाकून बघा. त्याहून सोपं म्हणजे मुलीच्या लॅपटॉपवर शेअरिंगपुरता एक वेगळा लोकल युजर करा, त्याला पासवर्ड द्या (रिकामा पासवर्ड नेटवर्कवरून चालत नाही), आणि त्या फोल्डरवर त्या युजरला परवानगी द्या.

पारवा_टोरांटो:
झालं!!! वेगळा युजर करून झालं. काका तुम्हाला उदंड आयुष्य. आईचा अंगणातला फोटो पहिला उघडला. आता कॉपी होतायत.

चांदणचुरा:
माझा अनुभव लॉकडाउनचा, २०२०. आई शाळेत शिक्षिका, तिचा लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर, माझा ऑफिसचा दार लावलेल्या खोलीत. मुलांनी पाठवलेल्या वह्यांचे फोटो तिच्या फोनवर ढिगाने यायचे, ते मी माझ्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटूमध्ये (लिनक्समध्ये) सांबा (विंडोजला फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम) लावून एका शेअर्ड फोल्डरमध्ये टाकून घ्यायचो, प्रत्येक मुलाचं नाव लिहून, म्हणजे आईला तपासायला मोठ्या स्क्रीनवर. आईला एकदा तो फोल्डर कळल्यावर तिने त्यातच माझ्यासाठी फाइल ठेवायला सुरुवात केली. मीटिंगमध्ये असलो की दार वाजवायची नाही, टेक्स्ट फाइल ठेवायची, नाव 'जेवायला ये' आणि आत काही नाही. कधी 'कडीपत्ता संपला'. कधी 'सातवीतल्या मुलाने सुंदर चित्र काढलंय बघ' आणि शेजारी ते चित्र. मी त्यातली एकही फाइल पुसलेली नाही. सांबा पहिल्यांदा लिहिलं ते कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने, १९९१-९२ च्या सुमारास, आणि फुकट वाटलं. त्या माणसाचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

गवतीचहा:
'जेवायला ये' 😭 ऑफिसात बसून डोळे पुसतेय.

सांजवात:
चांदणचुरा, खूप सुंदर. आई कशा आहेत आता?

चांदणचुरा:
मस्त आहे, रिटायर झाली, आता कोशिंबिरीचे प्रकार टाइप करते. फाइल अजून त्याच फोल्डरमध्ये.

कोयरी:
आता एवढं सगळं कशाला पण? लोकलसेंड अ‍ॅप टाका दोन्हीकडे, फुकट आहे, विंडोज मॅक अँड्रॉइड सगळ्यांवर चालतं, इंटरनेट लागत नाही, फाइल टाकली की समोरच्याने हो म्हटलं की गेली.

पाणंद:
लोकलसेंड उत्तमच आहे, मीही फोनसाठी वापरतो. पण एकाच फाइलवर दोघांना काम करायचं असेल तर पाठवापाठवीत कुठली ताजी तेच कळत नाही. आमच्याकडे एका पत्रिकेत मुहूर्त बदललेला आणि एका प्रतीत जुनाच, असं नको ना व्हायला. फाइल एकच हवी, जागा एकच हवी.

तिठा:
आणि मोठ्या फाइलींना वायरच. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, एका लग्नाचे ३०० जीबी सहज होतात. गिगाबिट (१००० मेगाबिटच्या) वायरवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात म्हणजे पाऊण तासात काम. मध्यंतरी अचानक ११ वर आलं, रात्रभर कॉपी चालू आणि सकाळी नवरीकडचे दारात. मशीन बदललं नाही, राउटर बदलला नाही, मग कळलं की केबलमधली एक तार उंदराने कुरतडली होती. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात, म्हणून बाकीच्या चारांतली एखादी जोडी गेली की बंद न पडता सहसा गुपचूप १०० वर उतरतं. स्पीड एकदम दहा पटीने पडला तर आधी केबल बघा.

वेलदोडा:
उंदीर!! पावसाळ्यात आमच्याकडेही येतात, उपाय सांगा कोणीतरी.

खडीसाखर:
मांजर पाळा की. आमच्या बोक्याला मात्र राउटरवर झोपायचं असतं, ऊब लागते म्हणून.

ओसरी:
किती छान लिहिताय सगळे, बाबांना वाचून दाखवतेय. तिठा, तुमचं वाचून लगेच टोक तपासलं, आठही तारा आहेत. नव्या मशीनना क्रॉस केबल चालेल का पण?

तिठा:
हल्लीची गिगाबिट पोर्ट क्रॉस की सरळ ते स्वतः ओळखतात, लावून बघा. नाहीच जमलं तर एक टोक कापून सरळ क्रिम्प करून (नवा प्लग दाबून बसवून) घ्या, कॅट ५ (जुन्या दर्जाच्या केबल) वरही गिगाबिट चालतं. भिंतीवरून उपटू मात्र नका.

मोरपीस_६२:
माझी अडचण थोडी वेगळी. घरातल्या जुन्या नेटवर्क डिस्कवर ह्यांच्या कॅसेट्स आहेत, म्हणजे कॅसेटवरून मीच कॉम्प्युटरवर घेतलेल्या, ह्यांनी गायलेली नाट्यपदं, गणपतीतल्या मैफली. मिनिटाला दहा एमबी म्हणजे तासाच्या कॅसेटला सहाशेच्या वर जातात, म्हणून डिस्क घेतली होती. नवा लॅपटॉप घेतला विंडोज ११ चा, त्यात ती डिस्क उघडतच नाही. मुलगा म्हणतो फॉरमॅट कर. मी तयार नाही.

निवांत_काका:
ताई, फॉरमॅट मुळीच करू नका, गाणी बहुतेक शाबूत आहेत. जुन्या डिस्का फाइल शेअरिंगच्या एसएमबी १ नावाच्या पद्धतीने बोलतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस त्याच पद्धतीतल्या भोकातून जगभर पसरला, आणि त्या वर्षअखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती मुळातच बंद असते. शिवाय विंडोज ११ प्रो च्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डशिवायचं गेस्ट शेअरिंगही अडवतात. तर आधी डिस्कच्या सेटिंगच्या पानावर जाऊन एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय आहे का बघा, आणि युजर-पासवर्ड लावा. नसेल तर जुना लॅपटॉप अजून चालू आहे का? त्यावरून सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, दोन प्रती करा. नव्यावर एसएमबी १ चालू करून ठेवू नका.

मोरपीस_६२:
जुना लॅपटॉप आहे, बॅटरी गेलीय पण प्लगवर चालतो. उद्या करते. थोड्या कॅसेट राहिल्यात अजून, कॅसेट डेक मात्र फिरत नाही, नुसता घुर्र आवाज येतो.

पाणंद:
ताई, बेल्ट सैल झाला असणार, वर्षानुवर्षं पडून रबर ताणतं नाहीतर चिकट होतं. जुने रेडिओ दुरुस्त करणारा कोणी गावात असेल तर बदलून देईल, महाग नसतो. नवा बेल्ट घालेपर्यंत त्यात चांगली कॅसेट घालू नका, टेप गुंतते. आणि घालण्याआधी एकदा हाताने पेन्सिल घालून पूर्ण फिरवून घ्या.