मदत हवी आहे: एन-४०० प्रलंबित असताना राज्य बदलतोय, टपालाचं काय करू?

मंडळी, अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज (एन-४००) भरलाय, बायोमेट्रिक्स झालंय, मुलाखतीच्या पत्राची वाट बघतोय आणि नेमकं आत्ताच न्यू जर्सीहून टेक्ससला जायचं ठरलंय. घर बदलल्यावर १० दिवसांत यूएससीआयएसला (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला) नवा पत्ता कळवायचा असतो, ते ऑनलाइन करेनच. पोस्टात फॉरवर्डिंगही लावतोय, पण इमिग्रेशनची पाकिटं बरेचदा पुढे न येता परत जातात, त्यामुळे त्यावर भिस्त नाही. मुलाखतीचं पत्र जुन्या पेटीतच पडून राहिलं तर? पुढचा भाडेकरूही ठरलेला नाही, सांगून ठेवणार कुणाला! राज्य बदलल्यामुळे फाइल तिथल्या नव्या ऑफिसकडे गेल्यावर तुमची मुलाखत लांबली का? आणि ऑनलाइन खात्यात पत्र टपालाआधी दिसतं का?