झेड-८० या ८-बिट प्रोसेसरवर सी भाषा: लोकल व्हेरिएबल सरसकट स्टॅटिक करावेत का?

बाइटवेडा:
माझं मत, करावेतच, म्हणजे फंक्शनपुरते व्हेरिएबल स्टॅकवर (कॉलपुरत्या तात्पुरत्या जागेत) न ठेवता कायमच्या ठरलेल्या पत्त्यावर ठेवावेत. एसडीसीसी या सी कंपायलरनं काढलेलं असेम्ब्ली (प्रोसेसरच्या सूचनांची यादी) उघडून बघा. स्टॅकवरचा एक इंट (दोन बाइटचा पूर्णांक) एचएल रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) आणायला आयएक्स या दुसऱ्या रजिस्टरच्या आधारानं दोन लोड सूचना, प्रत्येकी ३ बाइट. तोच ठरलेल्या पत्त्यावर असेल तर एकच लोड, ३ बाइटमध्ये काम. वर आयएक्स जपून स्टॅकशी जुळवायला ८ बाइट, शेवटी परत काढायला २. अशी ४० फंक्शनं असली की ४०० बाइट नुसत्या उठाठेवीत गेले.

जुनं सर्किट:
हिशोब बरोबर आहे, पण "सरसकट" अजिबात पटत नाही. माझ्या गेममध्ये स्कोअर मध्येच भलताच दिसायचा. दोन रात्री घालवल्यावर सापडलं: अंक छापणारं फंक्शन मुख्य लूपमधूनही चालायचं आणि इंटरप्टमधूनही (चालू काम मध्येच थांबवून प्रोसेसर जे करतो त्यातून). व्हेरिएबल स्टॅटिक, त्यामुळे दुसऱ्या कॉलनं पहिल्याचा आकडा पुसला. दुसरा सापळा म्हणजे "इंट एन = ०" च्या पुढे स्टॅटिक लिहिलंत की ते शून्य एकदाच भरलं जातं, दर कॉलला नाही. शिवाय स्टॅकवरची जागा फंक्शनं आळीपाळीनं वापरतात, स्टॅटिक ती कायमची अडवतात. प्रोग्रॅम आणि डेटा एकाच रॅममध्ये असेल तर वाचवलेलं तिकडे जातं. आयएक्सचाच खर्च खुपत असेल तर कोडचा आकार कमी करायचा पर्याय लावा, ते ८ बाइट ३ बाइटच्या एका कॉलवर येतात.

पान शून्य:
६५०२ या दुसऱ्या ८-बिट प्रोसेसरवर मात्र मी बाइटवेडाच्या बाजूनं. तिथला हार्डवेअर स्टॅक जेमतेम २५६ बाइटचा, म्हणून तिथला सी कंपायलर सीसी६५ पॅरामीटर आणि लोकलसाठी वेगळा सॉफ्टवेअर स्टॅक ठेवतं. त्यातला एक बाइट वाचायला आधी वाय रजिस्टरमध्ये अंतर भरा, मग झीरो पेजमधल्या (मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटमधल्या) पॉइंटरमधून लोड करा: ४ बाइट. थेट पत्त्यावरून ३, झीरो पेजमध्ये असेल तर २. तिथे स्टॅटिक लोकलचा पर्याय कंपायलरमध्येच आहे, आणि तो सुरुवातीची किंमत दर कॉलला भरतो.

बाइटवेडा:
इंटरप्टचा मुद्दा मान्य. इंटरप्टमधून जाणारी फंक्शनं आणि रिकर्शन असलेली (स्वतःलाच बोलावणारी), एवढी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून स्टॅकवर सोडतो. बाकीच्यांवर मी ठाम आहे.

जुनं सर्किट:
फाइल वेगळी केली तरी त्या फंक्शननी पुढे कोणाला बोलावलं ते कोण बघणार? माझं ते छापणारं फंक्शन असंच तीन पायऱ्या खाली होतं. आधी २०० पर्यंतच मोजणारे इंट अनसाइन्ड कॅर (एका बाइटचे) करा. त्यात बाइट वाचतात आणि इंटरप्टची धास्तीही नाही.