कोथरूडचा जुना वन बीएचके की वाघोलीचा नवा टू बीएचके?

वाट_पाहणारी: नमस्कार मंडळी, मी आणि नवरा दोघंही पुण्यात खराडीत नोकरीला, राहतो चंदननगरला भाड्याने. बजेट ओढूनताणून ८० लाख. एवढ्यात वाघोलीला टू बीएचके बसतोय, अंडर कन्स्ट्रक्शन आहे, क्लब हाऊस, कव्हर्ड पार्किंग सगळं, आणि तेवढ्याच पैशात कोथरूडला डहाणूकर कॉलनीजवळ १९८५ च्या बिल्डिंगमधला वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूसासरे कोथरूडलाच आहेत म्हणून मन तिकडे ओढतंय. एकाच शहरात इतका फरक का? दोन्हीकडे राहिलेलं कुणी आहे का?

पौड_रोडकर: ताई, कोथरूडला मोकळी जमीन फारशी उरलेलीच नाही, नवीन जे येतं ते बहुतेक रिडेव्हलपमेंटमधूनच, म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधतात त्यातूनच येतं. म्हणजे तुम्ही पैसे त्या जुन्या भिंतींचे देत नाही, प्लॉटमधल्या वाट्याचे देता. म्हणून आधी सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का ते विचारा, जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर असेल तर रिडेव्हलपमेंट वर्षानुवर्षं रखडतं, मालक सही देत नसेल तर सरकारकडे अर्ज करून डीम्ड कन्व्हेयन्स करता येतं पण त्यालाही वेळ जातो. समोरचा रस्ता किती रुंद आहे तेही बघा, गल्ली अरुंद असली की एफएसआय, म्हणजे प्लॉटवर करता येणारं बांधकाम, कमी आणि बिल्डर फिरकत नाही. बँकेशी आधीच बोला, इतक्या जुन्या बिल्डिंगला लोनची मुदत कमी करतात.

केसनंद_फाटा: मी वाघोलीत राहते, खरं सांगते, घर छान आहे, शेजारी आमच्याच वयाचे, मुलांना खेळायला जागा आहे, पण पाणी! २०२१ ला गाव महापालिकेत आलं तरी कितीतरी सोसायट्या टँकरवरच आहेत आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो. बिल्डरच्या ऑफिसात विचारू नका, शेजारच्या सोसायटीत जाऊन उन्हाळ्यातलं टँकरचं बिल बघा. रामवाडीच्या पुढे वाघोलीकडे मेट्रोला केंद्राने जून २०२५ ला मंजुरी दिलीय, पण ती धावायला वेळ लागेल, तिच्या नावावर आज जास्त रेट देऊ नका. आणि अंडर कन्स्ट्रक्शनला ५ टक्के जीएसटी, ७५ लाखांवर पावणेचार लाख होतात, रिसेलला तो नाही. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडे ७ टक्के, फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर १ टक्का सूट.

वाट_पाहणारी: सेक्रेटरी काका म्हणाले कन्व्हेयन्स "झाल्यासारखंच आहे". म्हणजे काय समजायचं?

पौड_रोडकर: झालेलं नाही असं समजा. प्रॉपर्टी कार्ड नाहीतर सातबारा काढा, त्यावर सोसायटीचं नाव दिसलं तरच टोकन द्या. आणि सासरे आता तीन जिने चढतात का तेही बघा, रिडेव्हलपमेंट होऊन लिफ्ट येईपर्यंत त्यांना तुमच्याकडे येता आलं पाहिजे ना.