१९६८ च्या ॲम्बॅसेडरला टायर कोणते घ्यावेत? (आर्वी तालुका, वर्धा)

पांदणवाट
नमस्कार मंडळी. आमच्याकडे आजोबांनी १९६८ साली घेतलेली ॲम्बॅसेडर मार्क टू आहे. आजोबा गेल्यापासून सहा वर्षं ती गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. या हिवाळ्यात कार्बोरेटर साफ केला, टाकी धुऊन घेतली, ब्रेकचे सिलेंडर बदलले, आणि गाडी सुरू झाली. आवाज ऐकून आई हातातलं काम टाकून अंगणात आली होती.

आता टायरवर अडलंय. पुढचे दोन ५.९०-१५ चे नायलॉन टायर आहेत, बाजूंना नखं जातील अशा भेगा पडलेले. मागचे दोन वडिलांनी कधीतरी जुने आणून टाकलेले, त्यांच्यावरचं माप वाचताही येत नाही. स्टेपनी नाहीच. एप्रिलमध्ये अखाजीच्या सुमारास बहिणीचं लग्न वर्ध्याला आहे. नवरी याच गाडीतून निघावी, अशी आईची फार इच्छा आहे. पन्नासेक किलोमीटर डांबरी रस्ता, आणि घरापासून डांबरीपर्यंत दोन किलोमीटर पांदण.

तालुक्याच्या टायरवाल्याने पिकअपचे २१५ चे जाड टायर दाखवले. म्हणाला, बसतात आणि गाडी उंचही दिसते. दुसरा म्हणतो रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, लावा, एका लग्नापुरते चालतील. मला दोन्ही पटत नाही, पण काय मागावं हेही कळत नाही. नायलॉन की रेडियल? माप कोणतं? ट्यूबलेस चालतील का?

काळी माती (पुसद)
भाऊ, रिमोल्डचा विचार सोडून द्या. आत बहीण बसणार आहे.

मापाचं सांगतो. ५.९०-१५ म्हणजे टायरची रुंदी ५.९ इंच, सुमारे १५० मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. जुन्या नायलॉन टायरची उंची जवळपास रुंदीएवढीच असायची, म्हणून मापात तिसरा आकडा नाही. रेडियलवर तो असतो. १६५/८० आर १५ मध्ये ८० म्हणजे उंची रुंदीच्या ८० टक्के. १६५ चे ८० टक्के १३२, वर-खाली मिळून २६४, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवा. टायरची पूर्ण उंची ६४५ मिलिमीटर. हाच हिशेब २१५/७५ ला करा, ७०३ च्या वर जातो. तुमच्या मूळ टायरपेक्षा साठ-पासष्ट मिलिमीटर रुंद आणि बराच उंच. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासणार, आणि पॉवर स्टेअरिंग नसलेली गाडी जागेवर वळवताना खांदे भरून येतील ते वेगळंच.

आता एक करा. पुढच्या जुन्या टायरला भोवती सुतळी गुंडाळून घेर मोजा, त्याला ३.१४ ने भागा. आणि रिमच्या दोन कडांमधली आतली रुंदी मोजा. मडगार्डची बाहेरून नको, रिमचीच. हे दोन आकडे टाका, मग पुढचं बोलू.

वर्कशॉपवाले काका (दर्यापूर)
पोरा, टायर घ्यायच्या आधी रिम पाय. मी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली. सहा वर्षं उभी गाडी, त्यात बाजूले गोठ्याची ओल. टायर उतरवून रिम तारेच्या ब्रशनं घासजा आन् उजेडात धरून पाहजा. नटाच्या भोकाच्या कडेले, नाहीतर मधला तवा जिथं बाहेरच्या कड्याले जोडला हाये तिथं, बारीक चीर दिसली तर ते रिम भंगारात घालजा. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतीन, ऐकू नको.

मंग जॅक लावून पुढचं चाक वरून-खालून धरून हलवून पाय. खडखड वाजलं तर पिन-बुश नाहीतर बेअरिंग गेलं समज. तुह्या गाडीले पुढं टॉर्शन बार हाये, म्हणजे स्प्रिंगीच्या जागी पिळणारा दांडा. एका बाजूचा बसला असन तर गाडी तिकडं कलते. हे नीट न करता नवा टायर लावला तर दोन-तीन महिन्यात एका बाजूनं खाऊन टाकन.

आन् माहं मत इचारशीन तर नायलॉनच लाव. पांदणीत पऱ्हाटीचं फणकट, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या असते, बाभळीचा काटा असते. काटा तळात घुसला तर पंक्चर निघते. फणकट बाजूले घुसते. रेडियलची बाजू पातळ, तिथं ठिगळ लागत नाही, टायर फेकाच लागते.

काळी माती (पुसद)
काकांचं बाजूबद्दल खरं आहे, मी स्वतः तसा एक टायर घालवलाय. पण त्यांचा रस्ता आणि तुमचा रस्ता ताडून पाहा. दोन किलोमीटर पांदण, पन्नास किलोमीटर डांबर, तेही एप्रिलच्या उन्हात. नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे असतात. चाक फिरताना ते एकमेकांवर घासतात आणि टायर लवकर तापतो. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि वर पोलादी पट्टा असतो. तळ रस्त्याला सपाट टेकतो, गाडी ब्रेकला सरळ थांबते, रस्त्याला पडलेल्या चाकोऱ्यांत स्टेअरिंग ओढत नाही. माझ्या मार्क थ्रीला नायलॉन होते तेव्हा आर्णी रस्त्यावर ट्रकांच्या चाकोरीत गाडी हातात धरून ठेवावी लागायची. रेडियल लावल्यावर ते थांबलं.

डिलाइट (अकोला)
माझ्याकडे बाबांची फियाट डिलाइट आहे, तिचं मूळ माप ५.२०-१४, म्हणून मापाचा सल्ला मी देत नाही. पण एक सांगितलंच पाहिजे. काहीही घ्या, चारही एकाच जातीचे घ्या. मी पैसे वाचवायला आधी पुढे दोन रेडियल लावले आणि मागे जुने नायलॉन ठेवले. श्रावणात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ओल्या वळणावर पुढची चाकं रस्ता धरून राहिली आणि मागची बाजू सुटली. गाडी आडवी झाली. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहिते आहे. आई मागच्या सीटवर होती.

नाइलाज असेलच तर रेडियल मागे आणि नायलॉन पुढे, उलटं कधीच नाही. एकाच आसावर डावीकडे एक जात आणि उजवीकडे दुसरी तर मुळीच नाही. आणि स्टेपनीसुद्धा त्याच जातीची. म्हणजे दादा, तुम्हाला चार नाही, पाच लागतील.

पांदणवाट
ताई, वाचून अंगावर काटा आला. पाच घेतो.

काका, चारही रिम घासले. तीन चांगले, चौथ्याच्या नटाच्या भोकापाशी चीर निघाली. डोळ्यांना दिसत नव्हती, रॉकेलचा बोळा फिरवून पुसल्यावर ओली रेघ उमटली. म्हणजे दोन रिमही शोधायचे आहेत.

मोजमाप: सुतळी २०७ सेंटीमीटर भरली, म्हणजे उंची जवळपास ६५९ मिलिमीटर. रिमची आतली रुंदी चार इंच.

काळी माती (पुसद)
मग १६५/८० आर १५. चार इंची रिमवर १६५ नीट बसतो, १८५ ला साडेचार इंची तरी हवी. तुमच्या जुन्यापेक्षा हा दोन टक्के लहान आहे. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ५८-५९ वर असेल, एवढाच फरक. मापाच्या पुढे ८७ टी असं काही लिहिलेलं असेल. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत. पाच माणसं, डिकीत आहेराच्या पेट्या, तरी पुरून उरतं. तालुक्याला मिळणार नाहीत, नागपूरला किंवा अमरावतीला सांगून मागवा.

ट्यूबलेस म्हणून वापरायचा विचार मात्र नको. आजच्या रिमला आत एक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी टायरची कड त्यावर अडते. आपल्या जुन्या रिमला तो नाही. रेडियल टायर, आत रेडियलसाठीचीच ट्यूब, असं घ्या.

नागझिरी
ट्यूबवरून एक. टायर बसवण्याआधी आत हात फिरवा. आतल्या बाजूला कागदी लेबल चिकटवलेलं असतं. माझ्या टायरमधलं कुणी काढलं नाही, ते ट्यूबवर घासत राहिलं आणि बडनेऱ्याच्या पुढे भर दुपारी ट्यूब फाटली. लेबल काढायचं, आत पावडर लावायची, आणि हे आपण उभं राहून करून घ्यायचं.

दुसरं, तारीख. मला एका दुकानात ‘नवे, न वापरलेले’ म्हणून दिलेले टायर नऊ वर्षांपूर्वीचे निघाले. वरून काळे चकचकीत होते, दोन उन्हाळ्यांत बाजूंना भेगा आल्या. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३८२५ म्हणजे २०२५ सालचा ३८ वा आठवडा. नुसते तीनच आकडे असतील तर तो २००० च्या आधीचा. वर्षाच्या आतला मागा. आमच्या गाड्या वर्षाला हजार किलोमीटरही चालत नाहीत, त्यामुळे नक्षी झिजायच्या आत रबर म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा, दहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी काढून टाका.

पांदणवाट
मामेभाऊ म्हणतो लग्नासाठी पांढऱ्या पट्ट्याचे टायर बाहेरून मागव. जमतं का?

नागझिरी
अमेरिकेत कोकर नावाची कंपनी जुन्या गाड्यांसाठी तसे टायर करते. पण जून २०२० पासून बाहेरून टायर आणायला सरकारी परवाना लागतो, एका गाडीपुरतं ते जमायचं नाही. रिम आणि टायर यांच्यात अडकवायच्या पांढऱ्या रबरी चकत्या मिळतात, त्या लावू नका. त्यांच्याखाली धूळ-माती शिरते आणि टायरची बाजू घासून निघते.

कागदांचंही पाहून घ्या. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे, २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी. ती घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला गाडी घरच्या कामाला वापरायची आहे, तेव्हा नेहमीचीच नोंदणी ठेवा आणि पाच वर्षांचं नूतनीकरण करून घ्या. तपासणीला टायर बघतात. नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते.

डिलाइट (अकोला)
हवा पहाटे भरा, गाडी चालवण्याआधी. पाच-सहा अंश तापमान वाढलं की साधारण एक पौंड हवा वाढते. दुपारी वाढलेली दिसली म्हणून सोडू नका, रात्री टायर मऊ पडेल. आणि गाडी उभी ठेवाल तेव्हा टायरवर ओला नाही, कोरडा बारदाना टाका. शेडमध्ये मोटारपंप किंवा वेल्डिंग असेल तर गाडी तिथून दूर ठेवा, त्याच्या ठिणग्यांतून होणारा ओझोन वायू रबराला भेगा पाडतो.

वर्कशॉपवाले काका (दर्यापूर)
रेडियल घेऊन ऱ्हायला तर घे, त्या पुसदवाल्याचं डांबरीचं गणित बरोबर हाये. मंग पांदण साफ कर. आन् नवे टायर बसल्यावर पन्नास किलोमीटरनं सगळे नट पाना लावून परत आवळजा. हे कोणी करत नाही.

पांदणवाट
मंडळी, काल झालं. दोन रिम हिंगणघाटला एका जुन्या गाडीचे मिळाले, घासून, रंगवून घेतले. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलेलं होतं, तेही बदललं. पाच टायर नागपूरहून आले, सगळ्यांवर ३८२५. प्रत्येकातलं लेबल मी स्वतः काढलं, एक तर चांगलं हातभर लांब होतं. चाकांचं अलाइनमेंट वर्ध्याला करून घेतलं.

तीन दिवस दोघं भाऊ पांदणीतलं फणकट आणि बाभळीच्या फांद्या उचलत होतो. शेजारच्या वावरवाल्यांनीही त्यांच्या धुऱ्याकडची उचलली. आज सकाळी आईला पुढे बसवून डांबरीपर्यंत आणि तिथून पुलगाव रस्त्याने जाऊन आलो. चाकोरीत गाडी ओढत नाही. आई वाटभर काही बोलली नाही, आजोबा ठेवायचे तसा दाराच्या काचेवर हात ठेवून बसली होती.

काका, परत आल्यावर पाना लावला. मागच्या उजव्या चाकाचा एक नट जवळपास अर्धा फेरा फिरला.